वेग उतरवताना

नववीला गतीचा धडा शिकवताना त्वरणापर्यंत पोरांची काही तक्रार नसते. ॲक्सिलेटर पिळला, गाडी पळाली, वेग वाढला, विषय संपला. हे त्यांना पुस्तकाच्या आधीच माहीत असतं, बापाची स्प्लेंडर गावाबाहेरच्या रस्त्यावर पळवून बघितलेली असते. अडचण येते पुढच्या उदाहरणात, जिथं त्वरणाच्या आकड्याआधी उणे चिन्ह लागतं. फळ्यावर उणे दोन लिहिलं की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "सर, उणे म्हंजे गाडी मागं येत्या काय?" बाकीची पोरं हसतात, पण मला हा प्रश्न फार आवडतो, कारण विचारणाऱ्यानं निदान डोळ्यासमोर गाडी तरी आणलेली असते, हसणाऱ्यांनी नुसता आकडा वहीत उतरवलेला असतो.

तर गाडी मागं येत नाही. ती पुढंच जात असते. समजा सेकंदाला २० मीटर वेगानं, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरनं चाललीय आणि दर सेकंदाला तिचा वेग २ मीटरनं उतरतोय. एका सेकंदानं १८, मग १६, मग १४, असं करत थांबायला तिला १० सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती १०० मीटर पुढं गेलेली असते. आमच्या शाळेचं अख्खं ग्राउंड संपतं तेवढ्यात. ब्रेकवर पाय पडल्यापासून गाडी थांबेपर्यंतच्या या शंभर मीटरकडं कुणाचंच लक्ष नसतं, आणि मला सगळ्यात जास्त त्याबद्दलच बोलावंसं वाटतं.

इंग्रजीत यासाठी डिसेलरेट हे क्रियापद आहे आणि बोलण्यात त्याचा अर्थ साधा, वेग कमी करणे किंवा होणे. फिजिक्सवाले मात्र ते जपून वापरतात, कारण त्यांच्या उणे चिन्हाचा अर्थ फक्त दिशा. वरची दिशा अधिक धरून चेंडू वर फेकला तर गुरुत्वाचं त्वरण वर जाताना उणे ९.८ आणि खाली येतानाही उणे ९.८ च, पण वर जाताना त्याचा वेग उतरतो आणि खाली येताना वाढतो. म्हणजे उणे चिन्ह दिसलं की वेग कमी झाला असं समजू नये, गाडी कुठल्या दिशेनं चाललीय ते आधी बघावं. मागच्या बाकावरचं पोरगं नकळत यालाच हात घालत असतं.

हा घोळ शाळेतच राहिला असता तर मी एवढं लिहीत बसलो नसतो, तो बाजारात पण आहे. बेळगावात गणपत गल्लीत किराणा घेताना दुकानात पेपर पडलेला असतो आणि त्यात महागाई दर घसरला अशी बातमी असते, आणि गिऱ्हाईक दुकानदाराला विचारतं, मग तेलाचा डबा का उतरंना? प्रश्न अगदी बरोबर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातला किरकोळ महागाईचा दर ६.२१ टक्के होता आणि मे २०२५ मध्ये तो २.८२ वर आला, आकडे खरेच आहेत. पण हा दर म्हणजे किमती किती वेगानं वर चढतायत त्याचं माप, किमतीचं माप नव्हे. १०० रुपयांची पिशवी एका वर्षी ६ टक्क्यांनी चढून १०६ झाली, पुढच्या वर्षी दर निम्म्यावर येऊन ३ टक्के झाला तर ती १०९ च्या वर जाते, परत १०० वर येत नाही. वेग उतरला, गाडी पुढंच गेली. एखादी जिन्नस खरोखर स्वस्त होते ती गोष्ट वेगळी, सगळी पिशवी स्वस्त व्हायची असेल तर दर शून्याच्या खाली जावा लागतो, आणि तसं झालं की शेतकऱ्याचं काय होतं हे आमच्या भागात कांदा-बटाटा करणाऱ्याला विचारा. लोकसंख्येचंही असंच. १९९१ ते २००१ मध्ये वाढ साडेएकवीस टक्के होती, पुढच्या दहा वर्षांत ती पावणेअठराच्या आसपास आली, तरी दोन्ही वेळा देशात साधारण १८ कोटी माणसं वाढलीच. पेपरवाल्यांनी 'घट' हा शब्द जरा सांभाळून वापरावा असं मला मनापासून वाटतं, कारण घरातल्या बाईला तो वाचून आपलाच हिशोब चुकला की काय असं वाटतं, आणि तिचा हिशोब बरोबर असतो.

पण वेग उतरवणं म्हणजे काय हे मला पुस्तकानं नाही शिकवलं, काकांनी शिकवलं.

काका फोर-नॉट-सेव्हन, म्हणजे टाटाचा छोटा ट्रक, चालवायचे. बेळगावातून भाजी भरायची आणि जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत गोव्यात उतरायची. गोव्याला भाजी आणि दूध आपल्याकडून जातं हे सगळ्यांना माहीत आहे, पण ते पहाटे तिकडं पोचतं म्हणजे रात्री कुणीतरी तो घाट उतरलेला असतो हे लक्षात राहत नाही. कॉलेजात असताना सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो, किन्नरच्या, म्हणजे क्लीनरच्या जागी. कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं चहा व्हायचा, काका एकदा सगळ्या टायरांवर लाथ मारून बघायचे, आणि मग घाट सुरू व्हायच्या आधी, सरळ रस्त्यावरच, अजून उतार लागलेला नसताना, ते गिअर खाली टाकायचे. मला तेव्हा कळायचं नाही. पुढं चांगला मोकळा रस्ता दिसतोय आणि हा माणूस गाडी आवळतोय कशाला. इंजिन मोठ्यानं ओरडायला लागायचं, गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी व्हायची, आणि मागचे कारवाले हॉर्न देऊन देऊन हैराण.

एकदा विचारलं तर म्हणाले, "उतारावर गाडी तुझं ऐकत नाही, गिअरचं ऐकत्या. ज्या गिअरनं चढतोस त्याच गिअरनं उतरायचं. ब्रेक असतोय तो शेवटच्या वळणासाठी."

आज मी हेच फळ्यावर मांडतो. १० टनाची भरलेली लॉरी ५०० मीटर उंचीवरून खाली आली आणि पायथ्याशी तिचा वेग तेवढाच ठेवायचा असेल तर तिच्यातली सुमारे ४ कोटी ९० लाख ज्यूल ऊर्जा कुठंतरी जायला लागते. ती हवेत विरत नाही, उष्णता होते. एवढ्या उष्णतेत दीडशे लिटर गार पाण्याला उकळी येईल. आता हे सगळं ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे आतून घासणाऱ्या पट्टीवर, आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर टाकलं तर काय होणार? ड्रम तापून पसरतो, लायनरची पकड सुटायला लागते, पेडल दाबलं तरी गाडी धरत नाही आणि त्या चाकापाशी जळकट वास यायला लागतो. घाटाखाली लॉरी बाजूला लावून ड्रायव्हर चाकाकडं बघत बसलेला दिसतो ना, त्याच्या मागं हा सगळा प्रकार असतो. खालच्या गिअरमध्ये मात्र चाकं इंजिनला फिरवत राहतात, वेग इंजिन ओढून धरतं, आणि इंजिनला थंड करायला रेडिएटर आहे, ब्रेकच्या ड्रमला तसं काही नाही. म्हणजे प्रश्न नुसता वेग कमी करायचा नसतोच, काढलेला वेग ठेवायचा कुठं हा असतो. पोरांना मी हे सांगतो तेव्हा वर्ग एकदम गप्प होतो, कारण निम्म्या पोरांच्या घरात कुणीतरी गाडीवर असतंच.

आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून घाट उतरणारे किंवा त्याहून वाईट म्हणजे इंजिनच बंद करणारे, त्यांच्याबद्दल काका फार कडवट बोलायचे. ते बरोबरच होतं. ब्रेकला जी मदत मिळते ती इंजिन चालू असेपर्यंत, इंजिन बंद झालं की दोन-तीन वेळा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं. शंभर-दोनशे रुपयांचं डिझेल आणि त्याच्या बदल्यात हे.

घाटात निदान भीती तरी असते. हायवेवर ती पण नाही. पुणे-बंगळूर रस्ता, आधी नॅशनल हायवे ४ आणि आता ४८, सुवर्ण चतुष्कोनात चौपदरी झाला तेव्हा आमच्याकडच्या लोकांनी पहिल्यांदा बिनखड्ड्याचा वेग बघितला. त्याच्या आधी वेगाला रस्ताच आवरत होता. निपाणीपासून बेळगावपर्यंत मध्ये तवंदी आणि वंटमुरीचे घाट सोडले तर गाडी कुठं आवरायची गरज वाटत नाही. ताशी ८० नं चालवताना माणूस सेकंदाला २२ मीटर जातो. समोर म्हैस दिसली, डोक्यात उजेड पडून पाय ब्रेकवर यायला एक सेकंद धरा, तर २२ मीटर असेच गेले, ब्रेक लागायच्या आधी. आणि ब्रेक लागल्यावरचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे परीक्षेत दोन मार्काला विचारतात आणि पोरं लिहितात पण. ४० ला कोरड्या रस्त्यावर ९-१० मीटरमध्ये थांबणारी गाडी ८० ला त्याच्या चौपट अंतर घेते. दुप्पट नाही, चौपट. माणसाच्या अंगात दुप्पट बसलेलं असतं, म्हणूनच जोरात चालवणारा चांगला ड्रायव्हरसुद्धा फसतो, त्याचा अंदाज वाईट नसतो, तो वर्गाचा अंदाजच नसतो.

रेल्वेवाल्यांना हे फार आधी कळलं, कारण लोखंडावर लोखंड म्हटल्यावर पकड मुळातच कमी. लोंढ्याच्या पुढं कॅसलरॉकला गाडी उभी राहते ते मला लहानपणापासून आवडतं. तिथून कुळेपर्यंत घाट, १ ला ३७ चा उतार, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की १ मीटर खाली. कागदावर हे काहीच वाटत नाही, सायकलवाला पण उतरेल. पण मागं हजार-दोन हजार टन असले की तोच उतार राक्षसासारखा होतो. म्हणून कॅसलरॉकला जादा इंजिनं लावतात, ब्रेक तपासतात, आणि मग गाडी बैलगाडीच्या बेतानं खाली निघते. डब्यातले लोक दूधसागरच्या बाजूच्या खिडकीत गर्दी करून म्हणतात, बघा धबधबा नीट दिसावा म्हणून हळू घेतलाय. धबधबा दिसतो ते आपलं नशीब, गाडी हळू असते ती उतारामुळं.

तिच्या ब्रेकमध्ये एक गोष्ट आहे, ती मला माणसाच्या डोक्यातून निघालेल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊसनं १८६९ मध्ये हवेच्या दाबाचा ब्रेक काढला, त्यात ड्रायव्हरनं पाइपात हवा भरली की ब्रेक लागायचा. पण मधला पाइप फुटला तर? हवाच पोचणार नाही, ब्रेक लागणार नाही, आणि सुटलेले डबे तसेच जातील. मग १८७२ मध्ये त्यानं सगळं उलटं केलं. आता पाइपमधला दाब ब्रेक लावत नाही, तो ब्रेक सोडवून धरतो. प्रत्येक डब्याखाली हवेची टाकी असते, पाइपमधला दाब उतरला की त्या टाकीतली हवा जाऊन ब्रेक आवळते. पाइप तुटला, डबा सुटला, कुणी साखळी ओढली, काहीही बिघडलं तरी गाडी थांबण्याकडंच जाते. आपल्याकडं आधी बरीच वर्षं व्हॅक्युम ब्रेक होते, त्यातही विचार हाच, आता हवेचे आहेत आणि पाइपात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोचा दाब ठेवतात. गाडी सुटायच्या आधी स्टेशनात फुस्स असा आवाज येतो तो याच हवेचा. म्हणजे आगगाडीचं मूळ रूप थांबलेलं, धावायचं असेल तर दाब भरून परवानगी मिळवायची. मोटारीत आपण बरोबर याच्या उलट वागतो.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे त्यामुळं आमच्याकडं भरतीची तयारी करणारी पोरं गावोगावी. पहाटे रस्त्याच्या कडेनं पळत असतात, १६०० मीटर. त्यांना पळायला शिकवणारे रिटायर्ड सुभेदार असतात आणि मी बघितलंय, पोरगं शेवटची रेघ ओलांडून धाडकन बसायला लागलं की ते ओरडतात, "बसू नको! चाल, चालत राहा!" पोरांना वाटतं हा शिस्तीचा भाग आहे. पळताना पायाचे स्नायू रक्त वर ढकलायला हृदयाला मदत करत असतात, ते एकदम थांबले की रक्त पायातच साठतं, डोक्याला कमी पडतं आणि चक्कर येते. त्या बिचाऱ्यांनी कष्टानं वेग मिळवलेला असतो, तो पाच-दहा मिनिटं चालून उतरवायचा असतो इतकंच. सुभेदारांना यामागचं शास्त्र कुणी सांगितलं असेल नसेल, पण त्यांनी पोरं पडताना बघितलेली असतात.

आणि मग माणसाच्या नोकरीचं बघा. कर्नाटकात सरकारी नोकर ६० ला रिटायर होतो, पलीकडं महाराष्ट्रात, चंदगड-गडहिंग्लजला, बहुतेकांना ५८ ला. वय दोन वर्षांनी वेगळं पण पद्धत दोन्हीकडं एकच. महिन्याच्या शेवटच्या तारखेला संध्याकाळपर्यंत माणूस ऑफिसात पूर्ण वेगानं काम करत असतो, सह्या, फायली, फोन, आणि त्याच संध्याकाळी शाल, श्रीफळ, हार, फोटो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता शून्य. तीस-पस्तीस वर्षांचा वेग एका रात्रीत उतरवायचा म्हणजे ती ऊर्जा जाणार कुठं. मग तो माणूस घरात डबे हुडकतो, सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतो, रस्त्यावरच्या पोरांना बोलतो, आणि घरचे म्हणतात रिटायर झाल्यापासून बाबांचा स्वभाव बिघडला. स्वभाव नाही बिघडला हो. शेवटची दोन-तीन वर्षं निम्मं काम, नव्या माणसाला हाताखाली घेऊन शिकवायचं काम, असं काही का करता येऊ नये? मी स्वतः शिक्षक आहे, माझ्या डिपार्टमेंटमध्ये हे उद्या होणार नाही हे मला कळतं, तरी मला ते व्हायला पाहिजे असं वाटतं आणि संधी मिळेल तिथं मी ते बोलतो.

कारण मी ते जमलेलं बघितलंय. काकांचं. डोळ्यावर रात्री समोरच्या लाइटा फुटायला लागल्या तेव्हा माझा चुलतभाऊ म्हणाला, बाबा आता बस्स करा, गाडी विकूया. काकांनी भांडण काढलं नाही, आठ दिवस गप्प होते, मग म्हणाले रात्रीची लाइन सोडतो, दिवसाची ठेवतो. मग गोव्याची दिवसाची पण सोडली, बेळगाव मार्केट ठेवलं. मग फोर-नॉट-सेव्हन विकली, घरचा ट्रॅक्टर ठेवला. ट्रॅक्टर भावाच्या पोरानं हातात घेतला तशी स्कूटीवरून डेअरीला दूध घालायचं काम घेतलं. हे सगळं व्हायला बरीच वर्षं गेली आणि प्रत्येक टप्प्याला घरात कुणीतरी म्हणत होतंच, आता ह्यांनी गाडी सोडली. मला ते ऐकून चीड यायची. सोडली कुठं? दूध रोज जातंय, वेळेत जातंय, वाटेत दोन माणसांना चावडीवर सोडून पण येतात. म्हातारं माणूस हळू झालं की आपण ते थांबलं असं धरून चालतो आणि त्याच्याशी बोलणंही तसंच करायला लागतो, जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बसा. अजून ते पुढंच चाललेलं असतं. त्याला विचारा की, काय बघितलं आज रस्त्यावर.

आता उसाचा सीझन येईल. दिवाळीच्या मागंपुढं कारखान्यांची धुराडी पेटतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत आमच्या सगळ्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. मागं एवढं वजन आणि ते सगळं एकट्या ट्रॅक्टरनं धरायचं, उतारावर ट्रॉल्या ट्रॅक्टरला पुढं ढकलतात आणि जरा तिरकं धरलं की आडवं पाडतात. त्यात ट्रॅक्टरला ब्रेकची पेडलं दोन असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं, शेतात जागेवर वळवायला ते लागतं. रस्त्यावर आलं की ती दोन्ही जोडणारी पट्टी लावायची असते, नाहीतर घाईत पाय एकाच पेडलवर पडतो, एकच चाक धरलं जातं आणि गाडी गर्रकन फिरते.

परवा काका ट्रॅक्टरजवळ उभं राहून नातवाला हेच सांगत होते. नातू म्हणाला, "आजोबा, शेतात परत काढायला लागत्या की ती पट्टी, सारखं काढ-घाल कोण करतंय?"

"तूच करतोस," काका म्हणाले, "उतरून, हातानं. फाट्यावर यायच्या आधी."

पट्टीला गंज चढून ती घट्ट झाली होती. त्यांनीच ऑइल घातलं, दोन-चार वेळा पुढं-मागं करून मोकळी केली. मग ट्रॉलीच्या मागं लाल रेडियम लावून घेतलं, नुसतं पाटीएवढं नाही, आडवं पूर्ण, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी म्हटलं एवढं कशाला, तर मलाच म्हणाले, रात्री ८० नं येणाऱ्याला ट्रॉली किती लांबून दिसायला पाहिजे, सांग की मास्तर. मी तिथंच तोंडी हिशोब केला, ओला रस्ता आणि दमलेला ड्रायव्हर धरून, आणि शंभर मीटर म्हणालो. त्यांनी टॉर्च घेतला, नातवाला ट्रॉलीजवळ उभं केलं आणि रस्त्यानं पावलं मोजत लांब चालत गेले, तिथून दिसतंय का बघायला.